नादारीचा अर्ज टाकायच्या आधी हे वाचा: घर, बाग, कर्ज आणि टॅक्स यांचं नेमकं काय होतं

कर्ज डोक्यावरून गेलं की आपल्याकडे साधारण दोन सल्ले मिळतात. एक, सगळं बायकोच्या नाहीतर भावाच्या नावावर करून टाक. दोन, कोर्टात नादारी, म्हणजे दिवाळखोरी, जाहीर कर, सगळं माफ होतं. दोन्ही सल्ले नाक्यावर फुकट मिळतात आणि दोन्ही फार महाग पडतात, त्यातही आधी पहिला आणि मग दुसरा असं केलं तर विचारूच नका. मी वकील नाही, लोकांची रिटर्नं भरायचं काम करतो, आणि २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते आणि त्याच वर्षीचा चिपळूणचा पूर यानंतर बागायतदार, बोटवाले, होमस्टेवाले, दुकानदार असे बरेच जण रिटर्नच्या निमित्ताने येऊन शेवटी याच विषयावर येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतोय. कागद वकिलाला आणि सीएला दाखवायचेच आहेत, पण जाताना काय विचारायचं ते तरी माहीत हवं.

आधी कायदा कुठला ते. पेपरात आयबीसी (दिवाळखोरीचा कायदा), एनसीएलटी (त्याचं कंपन्यांसाठीचं न्यायाधिकरण) असं वाचता तो २०१६ चा कायदा. कंपन्यांसाठी तो चालू आहे, पण त्यातला साध्या माणसांचा भाग फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू झालाय, १ डिसेंबर २०१९ पासून. म्हणजे तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि डायरेक्टर म्हणून बँकेत गॅरंटीवर सही ठोकली असेल तर तुमचा विषय एनसीएलटीत जातो. बाकी शिक्षक, बागायतदार, बोटमालक, किराणावाला, रिक्षावाला, या सगळ्यांना अजून इंग्रजांच्या वेळचा १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे आणि अर्ज जिल्हा न्यायालयाकडे, म्हणजे रत्नागिरी, ओरोस नाहीतर अलिबाग. राहणं आणि धंदा मुंबईत असलेल्या चाकरमान्याला १९०९ चा वेगळा कायदा आणि मुंबई हायकोर्ट. यूट्यूबवर 'फ्रेश स्टार्ट' म्हणून जे सांगतात, छोटी कर्जं सरळ माफ वगैरे, ते २०१६ च्या कायद्यात छापलेलं आहे पण चालू झालेलं नाही, त्यावर विसंबून हप्ते बंद करू नका.

आता पहिलं काम. एक वही घ्या आणि सगळी कर्जं लिहून काढा, सगळी म्हणजे सगळी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने आणि वाशीच्या दलालाची उचलसुद्धा. प्रत्येक कर्जापुढे चार गोष्टी लिहा: तारण काय आहे, जामीनदार कोण आहे, चेक दिलेत का, आणि शेवटचा हप्ता कधी भरला. बँकेची, पतसंस्थेची, सोसायटीची, बजाजवाल्याची, क्रेडिट कार्डाची, खतवाल्याची, बर्फ फॅक्टरीची, डिझेलची उधारी सगळं. बरेच लोक एकूण आकडा किती एवढंच बघतात आणि घाबरतात, पण आकड्यापेक्षा कर्जाचा प्रकार महत्त्वाचा, कारण नादारीत प्रत्येक प्रकार वेगळा वागतो.

तारण कर्ज नादारीने हलत नाही. घर, गाडी, बोट, सोनं जे काही गहाण आहे त्यावर त्या बँकेचा हक्क तसाच राहतो, ती तारण विकून पैसे घेऊ शकते आणि कमी पडले तर उरलेल्या रकमेसाठी बाकीच्या देणेकऱ्यांच्या रांगेत येऊन उभी राहते. गृहकर्जाचा हप्ता थकलाय आणि घर वाचवायचंय म्हणून कोणी नादारीला निघाला असेल तर त्याने थांबावं, घर त्याने वाचत नाही.

बिनतारण कर्ज, म्हणजे पर्सनल लोन, कार्ड, हातउसने, दुकानदारांची उधारी, यांच्यासाठीच खरं तर नादारीचा उपयोग आहे. नादार ठरवल्याचा आदेश झाला की हे लोक कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर नवा दावा लावू शकत नाहीत की मालमत्तेच्या मागे लागू शकत नाहीत. पण नुसता अर्ज टाकला की दुसऱ्या दिवसापासून फोन बंद, असं काही नसतं. आदेश व्हावा लागतो, आणि अटकेपासून संरक्षण हवं असेल तर ते वेगळं मागावं लागतं.

सरकारी देणं, म्हणजे इन्कम टॅक्स, जीएसटी, हे सुटत नाही. वाटप करताना सरकारचं आणि ग्रामपंचायत-नगरपरिषदेचं देणं वरच्या नंबरात धरतात, आणि शेवटी कोर्टाने तुम्हाला नादारीतून मुक्त केलं तरी सरकारी देणं उरलं असेल तर ते तुमच्या मागे तसंच येतं. बायकोपोरांच्या पोटगीचा आदेश असेल तर तोही. फसवून काढलेलं कर्जही.

आणि जामीन. हा आपल्याकडचा सगळ्यात नाजूक भाग. पतसंस्थेचं कर्ज म्हटलं की दोन जामीनदार लागतात आणि ते बहुतेक सोबत काम करणारे मास्तर नाहीतर वाडीतलाच कोणीतरी असतो. तुम्ही नादारीतून सुटलात तरी जामीनदार सुटत नाही, उलट तुमच्याकडून काही मिळणार नाही हे कळल्यावर पतसंस्था पहिली त्याच्या पगाराकडे जाते. कायद्याने त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच आहे. म्हणून अर्जाचा विचार पक्का व्हायच्या आधी जामीनदाराला स्वतः जाऊन सांगा, त्याला नोटिशीतून कळणं बरं नव्हे, गावात राहायचंय आपल्याला. जमलं तर ज्या कर्जाला जामीनदार आहे त्याची तडजोड आधी करा.

चेकचा मुद्दा वेगळा. चेक बाऊन्सची १३८ ची केस फौजदारी आहे, नादारीने ती थांबत नाही. चेक परत आल्यावर ३० दिवसांत समोरच्याने नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे द्यायचे, नाहीतर पुढच्या एक महिन्यात तो केस टाकू शकतो आणि त्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड होऊ शकतो. त्यामुळे वहीत ज्या कर्जापुढे 'चेक दिलेत' असं लिहिलंय त्याला वरचा नंबर द्या.

खाजगी सावकार असेल तर आधी बघा त्याच्याकडे परवाना आहे का. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात करायची. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवायचीही तरतूद त्यात आहे. असलं कर्ज नादारीच्या यादीत निमूट लिहून टाकण्याआधी हा रस्ता तपासा.

आता मालमत्ता

नादार ठरल्यावर तुमची मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने ती सांभाळायला नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, आणि ती अर्ज टाकल्याच्या तारखेपासून गेली असं धरतात. मधल्या काळात वारसाने काही आलं, मावशीने बक्षीसपत्र करून दिलं, तर मुक्त होईपर्यंत तेही त्यातच जातं. हे लोकांना माहीतच नसतं.

काय जात नाही? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये यादी आहे. अंगावरचे कपडे, जेवणाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असा दागिना म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, लागणारी गुरं आणि बियाणं. पीएफ, पीपीएफ, सरकारी पेन्शन, तुमच्या आयुर्विम्याचे पैसे. पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश, म्हणजे ३१ हजार पगार असेल तर २१ हजार तुमचे, १० हजारांवर जप्ती येऊ शकते.

शेतकऱ्याचं राहतं घरही या यादीत आहे. पण इथे मेख आहे. शेतकरी म्हणजे जो स्वतः कसतो आणि ज्याचं पोट मुख्यतः शेतीवर आहे तो. नुसतं सातबाऱ्यावर नाव आहे, वर्षातून एकदा मे महिन्यात आंबे काढायला येतो आणि बाकी नोकरी ठाण्यात, याला हे संरक्षण मागता येणार नाही. आणि घर गहाण टाकलेलं असेल तर ज्याच्याकडे गहाण आहे त्याच्यापुढे हे चालत नाही. बोटीचं म्हणाल तर ट्रॉलर बहुतेक वेळा बँकेकडे गहाणच असतो, 'कारागिराची हत्यारं' म्हणून तो वाचवायची आशा धरू नका.

सामायिक सातबारा. आपल्याकडे आजोबांच्या नावाची जमीन, त्यावर चौदा वारस, त्यातले पाच मुंबईत, दोघांचा पत्ता नाही, वाटप कधी झालंच नाही, ही काय नवीन गोष्ट नाही. अशा वेळी फक्त तुमचा अविभक्त हिस्सा रिसीव्हरकडे जातो, भावांचा नाही. पण भावांना त्रास होतोच कारण तो हिस्सा विकायचा म्हणजे वाटपाचा विषय निघतो. म्हणून गणपतीत सगळे गावी येतात तेव्हा हे कानावर घाला, लपवून काही होत नाही.

आणि आता तो पहिला सल्ला, नावावर करून टाकायचा. १९२० च्या कायद्यात कलम ५३ आहे: बक्षीसपत्र, हक्कसोड, फुकटात किंवा नाममात्र किमतीत केलेलं हस्तांतरण, आणि त्यानंतर २ वर्षांच्या आत झालेल्या अर्जावर तुम्ही नादार ठरलात, तर कोर्ट ते रिसीव्हरच्या बाजूने रद्द करू शकतं. तसंच अर्जाच्या आधीच्या ३ महिन्यांत एखाद्याच देणेकऱ्याला झुकतं माप द्यायच्या हेतूने पैसे दिले, म्हणजे मेव्हण्याचे सगळे फेडले आणि बाकीच्यांना ठेंगा, तर तेही उलटवता येतं. स्टॅम्प ड्युटी गेली, नोंदणीची फी गेली, भावाच्या नावाचा फेरफार झालेला परत फिरला, आणि वर कोर्टात तुमची नियत खराब आहे हे कागदावर आलं. मालमत्ता लपवली किंवा हिशोबाच्या वह्या गायब केल्या तर एक वर्षापर्यंत कैदेचीही तरतूद आहे. त्यामुळे ज्या दिवशी अर्जाचा विचार मनात आला त्या दिवसापासून सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसकडे जायचं बंद, एवढं पाळा.

अर्ज कसा करायचा

कर्जदाराला स्वतः अर्ज करता येतो. अट अशी की देणी फेडायची ऐपत नाही, आणि देणी ५०० रुपयांहून कमी नाहीत (१९२० सालचा आकडा आहे, तसाच राहिलाय), किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात (पैसे द्या असा कोर्टाचा निकाल) अटक झालीय, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश आहे. अर्जात लिहायचं ते असं: देणी फेडू शकत नाही हे स्पष्ट विधान, राहायचा-धंद्याचा पत्ता, सगळ्या देणेकऱ्यांची नावं, पत्ते आणि रकमा, तुमची सगळी मालमत्ता कुठे आहे आणि तिची किंमत किती, आणि ती कोर्टाच्या हवाली करायची तयारी. पहिल्या दिवशी बनवलेली वही इथे कामाला येते. एखादा देणेकरी यादीतून राहिला तर नंतर तोच येऊन सगळ्यात जास्त ओरडतो.

सुनावणीच्या नोटिशी निघतात, आदेश गॅझेटमध्ये छापून येतो, म्हणजे गुपचूप काही नाही. आदेशातच कोर्ट सांगतं की मुक्ततेसाठी, म्हणजे डिस्चार्जसाठी, किती मुदतीत अर्ज करायचा. ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, कारण त्या मुदतीत अर्ज केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो आणि सगळे देणेकरी परत मोकळे. देवळात कौल लावायचा असेल तर जरूर लावा, मुदत मात्र कौलासाठी थांबत नाही. वरच्या कोर्टात जायची वेळ आलीच तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे, रायगडवाल्यांना मुंबईच.

डिस्चार्जच्या वेळी खरी परीक्षा असते आणि इथे कोकणातल्या लोकांनी नीट लक्ष द्यावं. कायदा म्हणतो, तुमची मालमत्ता बिनतारण देण्यांच्या रुपयामागे आठ आणेसुद्धा भरत नसेल तर कोर्टाने पूर्ण मुक्तता नाकारावी, अपवाद एकच, की ही वेळ तुमचा दोष नसलेल्या कारणाने आली हे कोर्टाला पटलं पाहिजे. आता बहुतेकांचे आठ आणे भरत नाहीतच, भरत असते तर ते कोर्टात कशाला आले असते. म्हणजे सगळं येऊन थांबतं कारणावर. वादळात पन्नास कलमं उन्मळून पडली, पुरात दुकानात छपरापर्यंत पाणी होतं, बोट जेटीवर फुटली, हे तोंडी सांगून भागत नाही. तलाठ्याचा पंचनामा, नुकसानभरपाई मिळाल्याची नोंद, विमा कंपनीचं पत्र, त्या आठवड्यातले तारीख असलेले फोटो, मासेमारीच्या बोटीचं फिशरीजकडचं नोंदणीपत्र, पीककर्जाच्या पुनर्गठनाचा बँकेचा कागद, हे सगळं एका फाईलला लावा. पंचनाम्याची प्रत हरवली असेल तर तहसीलमध्ये माहिती अधिकारात अर्ज करून मागवा. दहा रुपयाचं काम आहे, पण तुमच्या अख्ख्या अर्जाचा भार त्या कागदावर येऊ शकतो.

याच कलमात उलट बाजूच्या गोष्टीही आहेत: धंद्याच्या शेवटच्या ३ वर्षांच्या वह्या ठेवल्या नाहीत, आपण बुडालोय हे कळूनही धंदा चालू ठेवला, फेडता येणार नाही हे माहीत असताना नवं कर्ज काढलं, सट्टा, जुगार, उधळपट्टी. शेअर बाजारातला एफ अँड ओ (वायद्यांचे सौदे) आणि मोबाईलवरचे पैसे लावायचे गेम बँक स्टेटमेंटमध्ये तारीखवार दिसतात आणि देणेकऱ्यांचे वकील स्टेटमेंटच आधी मागतात. बाराशे पानांचं लग्न काढलं असेल तर तेही विचारतील. असं काही सापडलं तर कोर्ट मुक्तता लांबवू शकतं किंवा अटी घालून देऊ शकतं.

नादार असेपर्यंत ५० रुपये किंवा त्याहून जास्तीची उधारी आपण नादार आहोत हे न सांगता घेणं हा गुन्हा आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, कंपनीचा डायरेक्टर होता येत नाही. पासपोर्ट जातो, मतदान जातं, असल्या अफवा मात्र सोडून द्या. आणि नुसतं कर्ज फेडता आलं नाही म्हणून जेल होत नाही, १९८० मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ऐपत असून मुद्दाम न देणं आणि ऐपतच नसणं यात फरक करायला हवा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईमाणसाला तर अटक करताच येत नाही.

टॅक्स, जिथे सगळे गाफील असतात

नादारीने रिटर्न भरायची जबाबदारी संपत नाही. उलट तोट्याच्या वर्षी रिटर्न मुदतीत भरा, कारण धंद्याचा तोटा पुढच्या ८ वर्षांपर्यंत ओढता येतो पण वेळेत भरलेल्या रिटर्नवरच. 'कमाईच नाही तर रिटर्न कशाला' म्हणून सोडून दिलं की तो तोटा गेला. जीएसटी नंबर असेल आणि धंदा बंद केला असेल तर नंबर रद्द करून घ्या आणि ३ महिन्यांत शेवटचं रिटर्न टाका, नाहीतर बंद दुकानाची लेट फी वाढत राहते आणि ती पुन्हा सरकारी देणं, म्हणजे न सुटणारं.

लिलावाचा टॅक्स हा सगळ्यात मोठा धक्का. बँकेने तुमची जागा लिलावात विकली, सगळे पैसे बँकेनेच घेतले, तुमच्या हातात रुपया आला नाही, तरी कॅपिटल गेन (मालमत्ता विकून झालेला नफा) तुमचा धरतात, कारण कर्ज तुम्हीच त्या जागेवर काढलं होतं. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच हे ठरवून टाकलंय (वडिलांनी गहाण टाकलेली जागा वारसाने आली असेल तर हिशोब वेगळा, तेव्हा गहाण सोडवायला गेलेली रक्कम किमतीत धरता येते). समजा चिपळुणात २००८ च्या मे-जूनमध्ये १२ लाखांना घेतलेला एनए प्लॉट २०२५ च्या दिवाळीनंतर लिलावात ४५ लाखांना गेला. फायदा ३३ लाख, साडेबारा टक्क्यांनी टॅक्स ४ लाख १२ हजार ५००. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमीन-इमारतीला इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून) धरून २० टक्क्यांचा हिशोब करायची मुभा आहे, त्यात १२ लाखांचे ३७६ भागिले १३७ या निर्देशांकाने साधारण ३२ लाख ९३ हजार होतात, फायदा १२ लाख ७ हजार, टॅक्स २ लाख ४१ हजारांच्या आसपास, वर सेस. म्हणजे दोन्ही हिशोब करून बघितले नाहीत तर सरळ पावणेदोन लाख जास्त जातात, तेही आधीच कफल्लक असलेल्या माणसाचे. त्याच वर्षी धंद्यात तोटा असेल तर तो या फायद्यातून वजा होतो, मागच्या वर्षांचा ओढलेला धंद्याचा तोटा मात्र होत नाही. म्हणून जागा स्वतः विकायची असेल तर तोट्याच्याच वर्षात विका. आणि घसारा घेतलेलं दुकान किंवा गोडाऊन असेल तर गणित वेगळं होतं, सीएला आधी तेच सांगा.

बागेचं सुदैवाने तसं नाही. ग्रामीण शेतजमीन इन्कम टॅक्सच्या लेखी कॅपिटल ॲसेटच नाही, विकली तर त्यावर कॅपिटल गेन नाही. ग्रामीण म्हणजे नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, आणि शहराची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या पलीकडे. त्यामुळे आतल्या गावातली बाग आणि शहरातला प्लॉट यातलं काय विकून कर्ज फेडायचं हे ठरवताना टॅक्स धरून हिशोब करा. अर्थात बाग विकली की पुढच्या हंगामाला हातात काय राहतं तोही प्रश्न आहेच, आणि गिऱ्हाईक शेतकरी असावं लागतं म्हणून भावही पडतो.

तडजोडीत मिळालेल्या सुटीवर टॅक्स लागतो का, हे सगळे विचारतात. धंद्याचा खर्च म्हणून आधी दाखवलेलं देणं माफ झालं तर ते उत्पन्न होतं. खतवाल्याचं नाहीतर बर्फवाल्याचं बिल दोन वर्षांपूर्वी खर्चात टाकलं आणि आता त्याने सोडून दिलं, तर ती रक्कम यंदाच्या उत्पन्नात येते (मासेमारीसारख्या धंद्याला हे लागतं, बागेचं शेतीउत्पन्न मुळात करमुक्त आहे). बँकेचं न भरलेलं व्याज तसं खर्चात धरलंच जात नाही, ते प्रत्यक्ष भरल्यावरच मिळतं, म्हणून ते माफ झालं तर सहसा प्रश्न येत नाही. धंद्याच्या कर्जाचं मुद्दल माफ झालं तर जपून, २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल कर्जदाराच्या बाजूने होता पण २०२३ च्या दुरुस्तीनंतर धंद्यातला फायदा रोखीतला असला तरी उत्पन्नात धरायची तरतूद आली. नोकरदाराचं पर्सनल लोन किंवा कार्ड तडजोडीत मिटलं तर हा धंद्याच्या उत्पन्नाचा नियम त्याला लागत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा २०२५ चा इन्कम टॅक्स कायदा आहे, कलमांचे नंबर बदललेत, जुने नंबर पाठ असलेल्यांनी गोंधळू नये.

अजून एक, तडजोडीचे पैसे नातेवाईकांकडून गोळा करताना २० हजार किंवा जास्त रोखीने कर्जाऊ घेऊ नका, घेतलेल्या रकमेइतकाच दंड बसू शकतो. दोघांचंही उत्पन्न शेतीचंच आणि दोघांनाही टॅक्स लागत नसेल तर सूट आहे, पण सरळ खात्यावरून घेतलेले बरे.

मग नादारी करायची की तडजोड?

माझं मत विचाराल तर देणेकरी पाच-सहा असतील आणि थोडंफार तरी उभं करता येत असेल तर तडजोड. नादारी त्याच्यासाठी, ज्याच्याकडे बिनतारण कर्जांचा डोंगर आहे, विकण्यासारखं काही नाही, दावे आणि जप्त्या चालू झाल्यात आणि दोष त्याचा नाही हे दाखवायला कागद आहेत.

तडजोडीसाठी वेळापत्रक माहीत हवं. साधारण ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, धरतात (पीककर्जाला हंगामाप्रमाणे मोजतात). मग सरफेसीची (बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी उत्तर द्याच, बँकेला १५ दिवसांत त्यावर कळवावं लागतं. ताबा घेतला तर ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं. आणि सगळी रक्कम भरून तारण सोडवायची संधी लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच, लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन धावलात तर उपयोग नाही. २०२० च्या निकालानंतर सहकारी बँकांनाही सरफेसी वापरता येतो. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही, पण ती खरोखर कसलेली हवी, नुसता सातबारा पुरत नाही. पतसंस्थेचा रस्ता वेगळा, ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते आणि वसुली अधिकारी जप्तीला येतो, त्यात शेतजमिनीला सरफेसीसारखी सूट नाही. १०१ ची नोटीस आली की तारखेला हजर राहून व्याजाचा हिशोब मागा, न जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. लोक अदालतीत मिटवलं तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून जमेल तेवढाच हप्ता कबूल करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि पूर-वादळासारख्या आपत्तीत सापडलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर घेतल्याशिवाय पैसे भरू नका, व्हॉट्सॲपवर आलेल्या आकड्याला अर्थ नाही. सिबिलवर 'सेटल्ड' येणार हे धरून चाला, आणि बिगरशेती कर्जात तडजोड केली तर त्याच बँकेकडून किमान १२ महिने नवं कर्ज नाही. पूर्ण फेड झाल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. आणि नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) हातात पडल्यावर तो कपाटात ठेवू नका, तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी करण्याचा फेरफार टाकून घ्या, आणि महिन्याभराने ऑनलाइन सातबारा काढून बोजा खरंच गेलाय का ते बघा.